भेग नव्हे, भ्रंश

प्रश्न असा आलाय: भूकंपाच्या बातम्यांत 'भूगर्भातली भेग' छापतात, शाळेत 'प्रस्तरभंग' शिकवला, काही जण 'भ्रंश' म्हणतात, बरोबर काय? आणि तिच्या आकाराचा हादऱ्याशी संबंध असतो का?

भेगा टाचेला पडतात. भूकंपाच्या बातमीत हा शब्द दिसला की माझं डोकं उठतं. प्रस्तरभंगही मला मान्य नाही, पाठ्यपुस्तकवाल्यांनी कितीही घोकून घेतला तरी. भंग म्हणजे नुसतं मोडणं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसाल्टचे खांब बघा. खडक उभा चिरलाय, पण खांब शेजारच्याला सोडून वरखाली गेलेला नाही. त्या चिरांना भूशास्त्रात संधी म्हणतात. मोडलेला खडक सरकला तरच भ्रंश.

भ्रंश् धातूच मुळी घसरण्याचा, ढळण्याचा. गीतेतला स्मृतिभ्रंश तोच, भ्रष्ट त्यातलाच आणि अपभ्रंशही! पतंजली महाभाष्यात सांगतो, एकेका शब्दाचे अपभ्रंश पुष्कळ. 'गौः' एकच, पण लोक गावी, गोणी, गोता, गोपोतलिका म्हणतात. वैयाकरणाला शब्दात जी घसरण खुपली, तीच भूशास्त्रज्ञ खडकात मोजत बसतो. 'भ्रंश हिंदीतून आला' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सांगावं, संस्कृतातून उचलायला आपल्याला कोणी अडवलं होतं? खरं तर 'खचदरी'सारखा झकास शब्द घडवणाऱ्या मराठीला 'सरक' सुचायला हवा होता.

हां, आकाराचं राहिलं. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ महत्तेचा भूकंप घ्या ('तीव्रतेचा' नव्हे, महत्ता हे अख्ख्या भूकंपाचं एकच माप, तीव्रता म्हणजे जागेवर जाणवलेला हादरा, ती गावागणिक बदलते). तिथला भ्रंश उभा नाही, उत्तरेकडे जेमतेम दहा अंश कललेला. घसरण गोरखा जिल्ह्यात सुरू झाली, पूर्वेला सुमारे १४० किलोमीटर धावली आणि जमिनीच्या वर आलीच नाही. भ्रंशाचा पृष्ठभाग मुरडतो तिथे घसरण अडली, असं काही अभ्यासकांचं मत. मला ते पटतं. त्यात काठमांडूचं खोरं म्हणजे जुन्या तळ्याचा गाळ. त्याने चार-पाच सेकंदांचे संथ हेलकावे वाढवले. बुटक्या घरांना छळणारे भराभर बसणारे झटके मात्र धास्तीच्या मानाने कमी निघाले, त्यामुळे खोऱ्यातली बरीच बुटकी घरं वाचली.

काठमांडू खोऱ्यातल्या लोकन्थलीजवळ महामार्गाला गेलेल्या तड्याचा फोटो दाखवून 'हीच ती भेग' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, की तिथे वरची मऊ जमीन खचली होती. भ्रंश तिच्याखाली दहा-पंधरा किलोमीटरवर आहे.