टर्बो की साधं इंजिन? आधी युलिपचं बघू

पिंपळे सौदागरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 36, हातात महिना 1 लाख 45 हजार. पत्नी सध्या घरी, मुलगी चार वर्षांची. गृहकर्ज 48 लाख शिल्लक, त्याचा हप्ता 42 हजार; घरखर्च 55 हजार. नवी गाडी, ह्युंदाई व्हर्ना, घ्यायचीय. कोटेशन असं: दीड लिटरचं विना-टर्बो इंजिन साडेसतरा लाख ऑन-रोड, टर्बो साडेवीस. साडेचार लाखांची एफडी मोडून डाउन पेमेंट करायचं, उरलेले 16 लाख 9 टक्क्यांनी सात वर्षं फेडायचे. शिवाय त्यांची एक युलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. ‘आमचे बँकेचे रिलेशनशिप मॅनेजर म्हणतात, युलिप 15 टक्के देतंय आणि कर्ज 9 टक्क्यांचं आहे, मग युलिपला हात कशाला लावता? वर्षाला 3 लाख भरतो, दोन हप्ते झाले. टर्बोला तीन लाख जास्त मोजावेत का?’

आधी इंजिनाचं. विना-टर्बो 115 पीएस ताकद आणि 144 न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढ), तोही 4500 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला 4500 फेरे घेतं तेव्हा. टर्बो 160 पीएस आणि 253 न्यूटन-मीटर, तो दीड हजारापासूनच हजर. ताम्हिणी घाटात दुसऱ्या गिअरवर वळण संपतं, पुढे ट्रक असतो, मागे सामान आणि माणसं असतात. तिथे साध्या इंजिनाला पिळावं लागतं, टर्बो नुसता पाय ठेवला की निघतो. शिवाय उंचीवर हवा विरळ. दर हजार मीटरला साधं इंजिन दहाएक टक्के ताकद गमावतं, म्हणजे महाबळेश्वरला 115 चे शंभरच उरतात. टर्बो हवा दाबून घेतो, त्यामुळे त्याला हे फारसं जाणवत नाही. साध्या इंजिनाची मजा वेगळी: पाय जितका दाबाल तितकंच आणि लगेच मिळतं. मला स्वतःला तेच आवडतं, पण तुमच्या पैशांनी माझी आवड कशाला भागवू?

मायलेज कागदावर टर्बोचंच जास्त आहे. त्यावर जाऊ नका. टर्बो घेणारा माणूस टर्बो वापरतो. साधं 14 देईल आणि टर्बो 12, असं धरा. वर्षाला 12 हजार किलोमीटरला पेट्रोलचे पंधराएक हजार जास्त. टर्बोचं सिंथेटिक ऑइल वेळेवर बदलायचं, त्यात टाळाटाळ चालत नाही. थर्ड पार्टी विम्यात मात्र फरक नाही, दोन्ही इंजिनं 1500 सीसीच्या आतली. थोडक्यात, घाटाचा शौक असेल तर तीन लाख वाया जात नाहीत.

पण तुमची अडचण तीन लाखांची नाहीच.

पत्रात टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे गुंतवणूक नसलेल्या निव्वळ आयुर्विम्याचा, शब्द नव्हता म्हणून विचारलं. उत्तर आलं, ‘युलिपमध्ये 30 लाखांचं कव्हर आहे ना.’ उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर 48 अधिक 16 मिळून 64 लाखांच्या कर्जातून 30 वजा होतील. पत्नीच्या वाट्याला 34 लाखांचं कर्ज येईल, आणि दारात एक टर्बो. यासाठी तुम्ही महिन्याला 25 हजार भरताय!

आता ते 15 टक्के. पॉलिसीच्या फाइलमधला बेनिफिट इलस्ट्रेशनचा, म्हणजे पुढे किती मिळू शकेल त्याच्या अंदाजाचा, कागद काढा. त्यात 4 आणि 8 असे दोनच दर दिसतील. पंधरा फक्त मॅनेजरच्या तोंडी आहे. कर्जाचे 9 टक्के मात्र करारात लिहिलेले असतात आणि ते शेअर बाजार पडला तरी द्यावे लागतात. ‘टॅक्स-फ्री’ हेही सांगितलं असेलच. फेब्रुवारी 2021 नंतरच्या युलिपमध्ये वर्षाचा प्रीमियम अडीच लाखांच्या वर गेला की नफ्यावर कर लागतो. तुमचा तीन लाख आहे. दोन लाख चाळीस हजारांची पॉलिसी विकली असती तर कमिशन थोडं कमी मिळालं असतं, एवढंच.

महिन्याचा हिशोब मांडू. गृहकर्ज 42, युलिप 25, गाडीचा हप्ता पावणेसव्वीस: झाले जवळपास 93 हजार. उरले 52. घरखर्च 55. पेट्रोल अजून भरलंच नाही, आणि एफडी मोडून झालेली. सात वर्षांत व्याज साडेपाच लाखांवर जातं, म्हणजे टर्बोच्या जादा किमतीच्या जवळपास दुप्पट. त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही.

करायचं ते असं. या आठवड्यात दीड-दोन कोटींच्या टर्म प्लॅनचा अर्ज भरा आणि मेडिकल करून घ्या. सिगारेट ओढत असाल तर तसं लिहा, लपवू नका. पॉलिसी हातात आली की मगच युलिपचा तिसरा हप्ता थांबवा, कारण तो थांबला की तिथलं कव्हरही जातं. दंड जास्तीत जास्त 4 हजार. पैसे डिसकंटिन्यूड फंडात, म्हणजे बंद पडलेल्या पॉलिसींच्या वेगळ्या फंडात जातील, किमान 4 टक्के मिळतील, पॉलिसीची पाच वर्षं पुरी झाल्यावर हातात येतील. त्यामुळे गाडीच्या हिशोबात ते धरू नका.

जुनी हॅचबॅक ‘अजून छान चालते’ असं तुम्हीच लिहिलंय. दीड वर्ष चालवा. युलिपचे 25 हजार दर महिन्याला बँकेच्या रिकरिंग ठेवीत टाकले की साडेचार लाख होतात, हॅचबॅकचे अडीच आले तर सात. एफडी जागेवर राहते. मग पाच वर्षांच्या कर्जाला साध्या इंजिनाचा हप्ता बावीस हजारांच्या आत येतो, टर्बोचा 28. वरचे सहा हजार तुम्हाला घाटात दिसतात की नाही ते तेव्हा ठरवा, आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. पत्नी, मुलगी, बॅगा, एसी चालू, असंच जा.

मॅनेजरचा फोन येईल. 15 टक्के बँकेच्या लेटरहेडवर लिहून मागा.