आत्याच्या घरचा नळ

"मॅडम, घर कसं निघेल हो?" ओ-पेअर म्हणून जर्मनीला निघालेल्या मुली आणि त्यांच्या आया, दोघींचा प्रश्न हाच. स्थळ बघतानाचा सूर. तिकडच्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, भाषा शिकायची. बदल्यात राहणं, जेवण आणि हातखर्चाचे पैसे. मुलगी ना नोकर, ना पाहुणी, ना घरची. सगळी धाकधूक या तीन 'ना'मध्ये आहे.

सायली (नाव बदललंय) सांगलीकडची, वय 23. स्टुटगार्टजवळच्या एका गावात जाऊन तीन महिने झाले होते. समुपदेशनासाठी आम्ही ऑनलाइन बोलायचो. पहिले दोन तास थंडी आणि बटाट्यांत गेले. मी जाऊ दिले. मग विचारलं,

"शनिवारी काय करतेस?"

"मुलं घरी असतात ना. मग इस्त्री, डिशवॉशर... पण लोक चांगलेच आहेत हं. ओरडत नाहीत."

"तुला करायला सांगतात?"

"सांगायला कशाला हवं? घरच्या ताई ओट्याकडे बघतात, मला कळतं. कळायलाच हवं ना."

आठवडाभर कामाचे तास वहीत लिहायला सांगितले. भरले 43. तिथला नियम आठवड्याला 30 तासांचा, दिवसाला सहाच्या वर नाही, आठवड्यात दीड दिवस सुट्टी. मला वाटलं तिला धक्का बसेल. तर म्हणाली, "माहितीये. करारात लिहिलंय." करार तिच्या कपाटातच होता.

माहिती कमी पडलीय असं आपण धरून चालतो, आणि तिथेच चुकतो. माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक आहे, मी बोलण्यातले 'च' मोजते. कळायलाच हवं, त्या नाराज होताच कामा नयेत, मी केलंच पाहिजे. माणूस परिस्थितीपेक्षा या 'च'खाली जास्त दबतो, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

"हे 'कळायलाच हवं' कुठे शिकलीस?"

बराच वेळ ती जॅकेटची चेन वरखाली करत राहिली. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमलं.

"आत्याकडे," ती म्हणाली. अकरावीपासून कॉलेजसाठी ती आत्याच्या घरी होती. "आत्या कधी काही बोलली नाही. फक्त नळ जोरात सोडायची. नळ वाजला की मी पुस्तक ठेवून उठायचे." मग थांबली. "मॅडम, इथेही खाली नळ वाजला की मी वरून धावत येते." आधी हसली, मग रडली. इतके दिवस मी याच वाक्याची वाट बघत होते, हे कबूल करते.

त्या जर्मन बाईला बिचारीला आत्याचा पत्ताही नव्हता. ती नुसती भाजी धूत होती.

पुढच्या वेळी आम्ही एक वाक्य घोटलं: शनिवारी माझी सुट्टी आहे, मी बाहेर जाणार आहे. सायलीच्या पहिल्या मसुद्यात तीन वेळा 'सॉरी' होतं, ते काढलं. बाई म्हणाल्या, "मला वाटलं तुला मुलांबरोबर राहायला आवडतं." दोन दिवस जरा फुगल्याही. इस्त्री पूर्ण सुटली नाही. चालायचंच.

आता मूळ प्रश्न. घर कसं निघेल हे मी सांगू शकत नाही, पण पारखता येतं. व्हिडिओवर फक्त तिथल्या आईशी बोलू नका. मुलांच्या झोपायच्या वेळी फोन लावा, घराचा खरा आवाज तेव्हा ऐकू येतो. आधी राहून गेलेल्या मुलीचा नंबर मागा. द्यायला कां-कूं झाली तर सावध व्हा. दिवसाचं वेळापत्रक लेखी घ्या. करारात तास, सुट्ट्या, स्वतंत्र खोली, विमा, महिन्याचे 280 युरो आणि भाषावर्गाचे 70 युरो हे सगळं हवं. आणि घर पटलं नाही तर वर्ष फुकट जात नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवून उरलेल्या मुदतीसाठी दुसरं कुटुंब शोधता येतं. करार मोडायला साधारण दोन आठवड्यांची पूर्वसूचना लागते, तेवढे दिवस निभतील इतके पैसे बाजूला ठेवा. त्यांना हात लावू नका.

आयांना वेगळं सांगते. "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. "काल किती वाजता झोपलीस? रविवारी कुठे गेलीस?" असं विचारा. आणि "दुसऱ्याचं घर आहे, जरा सांभाळून घे" हे दर फोनला नको. ते तिला तुमच्याआधी कुणीतरी शिकवून ठेवलंय.

शेवटच्या भेटीत सायली म्हणाली, "काल नळ वाजत होता. मी वरच बसून राहिले. छातीत धडधडत होतं, खरं सांगते."

"मग?"

"थोड्या वेळाने बंद झाला."