पाडव्यानंतर नको, सोळा मार्चच्या आत

प्रश्न: २०२३च्या गुढीपाडव्याला, २२ मार्चला, दीड टनाचा स्प्लिट एसी ३८,५०० रुपयांना घेतला. १६ मार्च २०२४ रोजी गार करेना म्हणून कंपनीत तक्रार नोंदवली. त्याच दिवशी माणूस आला आणि गॅस भरून ३,२०० रुपये घेऊन गेला. २०२५च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. तेव्हा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून २,८०० रुपयांत गॅस भरून घेतला. आता कंपनीचा माणूस सांगतो की आउटडोअरची कॉइल लीक आहे, गॅस-मजुरीसकट १३,४०० रुपये होतील. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असताना हे पैसे मी का द्यायचे? मुलाची दहावी आटोपली की पाडव्यानंतर ग्राहक आयोगात जायचा विचार आहे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: पाडव्यानंतर जाऊ नका. यंदाचा, म्हणजे २०२६चा, पाडवा १९ मार्चला आहे आणि तुमची मुदत, माझ्या हिशेबाने, १६ मार्चला संपते.

फेब्रुवारी लागला की माझ्याकडे अशी पत्रं यायला लागतात. मजकूर बहुतेक एकच असतो: वॉरंटी दहा वर्षांची आणि बिल दहा हजारांचं. कॉम्प्रेसरचं उत्तर त्यामुळे एका ओळीत देतो. कॉइल म्हणजे गॅस फिरतो त्या नळ्या, गॅस दाबणारा कॉम्प्रेसर नव्हे, आणि कॉम्प्रेसर गेला असता तरी बहुतेक कार्डांप्रमाणे तेवढा सुटा भाग फुकट मिळाला असता, गॅस, मजुरी आणि वाहतूक तुमच्याच खिशातून गेली असती. ही अट अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्यासाठी राज्य आयोगाचं दार आहे, जिल्हा आयोगाचं नाही. तेरा हजारांसाठी मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही.

तुमचं प्रकरण ज्या कागदावर उभं आहे त्याचा उल्लेख तुम्ही पत्रात केलेलाच नाही. सोबतच्या फोटोत मात्र तो आहे: १६ मार्च २०२४ची जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला आलेल्या माणसाने भरलेला कागद. तिच्यावर बॉलपेनने ‘गॅस लो, टॉप-अप केला’ एवढंच लिहिलंय. गळती तपासली का, या चौकटीत काहीच नाही. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला. म्हणजे वर्षाची पूर्ण वॉरंटी संपायला पाच दिवस असताना कंपनीच्याच माणसाने यंत्रात गळती असल्याचं आपल्या हाताने लिहून दिलं, ती न शोधता वर गॅस भरला आणि त्याचे पैसेही घेतले. आजची लीक कॉइल हा याचाच पुढचा अंक आहे, असा आपला दावा. ‘वॉरंटी संपल्यावर बिघडलं’ हे कंपनीचं ठरलेलं उत्तर या एका ओळीपुढे लंगडं पडतं.

पण जी तारीख तुम्हाला तारते तीच तुम्हाला बुडवूही शकते. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात यावं लागतं. दोष वॉरंटीतलाच होता असं म्हणायचं, तर कारणही त्याच दिवशी घडलं असं समोरचा वकील म्हणणार. कंपनीने आत्ता फुकट दुरुस्तीला नकार दिला, म्हणून कारण आत्ता घडलं, असं म्हणता येतं. तक्रारीत ते जरूर लिहा. आयोग ते मानेल का, हे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. मुलाची दहावी हे सबळ कारण नव्हे.

आणखी एक गैरसमज. दोन वर्षं तुम्ही कस्टमर केअरला व्हॉट्सॲप करत राहिलात, मध्ये १९१५ या हेल्पलाइनवरही तक्रार केलीत. त्याने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही थांबत नाही आणि या कायद्यात नोटीस सक्तीची नाही. तेव्हा ‘आधी पंधरा दिवसांची नोटीस देऊ’ म्हणणाऱ्याला, तो माझा व्यवसायबंधू असला तरी, हात जोडा.

सोळाला सोमवार आहे. शुक्रवारपर्यंत काम उरका. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तुम्ही राहता तो जिल्हा ठाणे, म्हणून ठाणे जिल्हा आयोग. कंपनी, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर अशा तिघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा.

आता तुमच्या चुका. ३,२०० रुपये तुम्ही पावतीशिवाय दिलेत आणि तेही त्या माणसाच्या खासगी नंबरवर यूपीआयने. पैसे घेऊन बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बँकेच्या स्टेटमेंटवर जॉबशीटचीच तारीख आहे, म्हणून निभावेल. पण ‘ते पैसे आमच्यापर्यंत आलेच नाहीत’ हे ऐकायची तयारी ठेवा. दुसरी चूक मोठी आहे. बाहेरच्या माणसाने एसी उघडला तर वॉरंटी रद्द, ही अट तुमच्या कार्डावर छापलेली आहे. तोपर्यंत वर्षाची वॉरंटी संपलेलीच होती आणि गळती त्याच्या आधीची, असं आपलं उत्तर. ते आयोगाच्या गळी किती उतरेल हे पुराव्यावर ठरेल. चारशे रुपये वाचवायला तुम्ही कंपनीच्या हातात हे कोलीत दिलंत.

पुरावा अजून जागेवर आहे. आउटडोअर उघडलं की जोडापाशी किंवा कॉइलच्या पत्र्यांवर तेलकट काळा डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. दाब देऊन साबणाचं पाणी लावलं की तिथे बुडबुडे येतात. त्याचा व्हिडिओ घ्या. कंपनीच्या माणसाकडून ‘कॉइल लीक’ हे जॉबशीटवर लिहून, सही करून घ्या. तोंडी सांगण्याला किंमत नाही. १३,४०० चा हिशेबही फोडून मागा: कॉइल किती, मजुरी किती, जीएसटी किती, गॅस किती ग्रॅम. कोणता गॅस आणि किती ग्रॅम लागतो हे आउटडोअरच्या पाटीवर छापलेलं असतं. ‘गॅस चार्जिंग’ अशी एकच मोघम रक्कम मान्य करू नका.

मागणी माफक ठेवा. गळतीची फुकट दुरुस्ती, ३,२०० रुपये परत, त्रासाबद्दल भरपाई आणि खर्च. तीन उन्हाळे वापरलेल्या यंत्राची पूर्ण किंमत परत मिळणं अवघड आहे. पर्यायी मागणी म्हणून लिहा, आशा धरू नका. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचे २,८०० विसरा.

निकाल कधी लागेल? कायदा म्हणतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. ते वाचून हसू येतं. कंपनीला लेखी म्हणणं मांडायला तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. त्यापुढे एकही दिवस नाही, एवढं सांगायला २०२० साली सर्वोच्च न्यायालयाचं घटनापीठ बसावं लागलं. त्यानंतरच्या तारखांना तसा लगाम कोणी घातलेला नाही. म्हणून निकालाची वाट बघत घरात उकडून घेऊ नका. तक्रार दाखल केली की ‘हक्क राखून पैसे देत आहे’ असा ईमेल कंपनीला पाठवा, दुरुस्ती करून घ्या आणि पक्कं बिल घ्या. मग मागणीत ते १३,४०० घालायला अर्ज करू. जुनी कॉइल त्यांना नेऊ देऊ नका. ‘ती जमा करावी लागते’ असं सांगतील. तसं लेखी मागा आणि तोवर ती माळ्यावर टाका.

राहता राहिलं खरेदीचं बिल. ते थर्मल कागदावर आहे आणि फोटोत तारखेतला २०२३चा शेवटचा आकडा आत्ताच पुसट दिसतोय. आज झेरॉक्स काढा, आणि मूळ बिलाला प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका, उष्णतेने ते अख्खं काळं पडतं.