मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या यशात त्यांच्या कुटुंबाचा वाटा किती होता?

माझ्या मते तो निर्णायक होता, आणि त्याची सुरुवात लग्नाआधीच झाली. कार्ल यांचा कारखान्यातला भागीदार भरवशाचा निघाला नाही, तेव्हा त्यांची वाग्दत्त वधू बेर्था रिंगर यांनी आपल्या हुंड्याची रक्कम आगाऊ मागून घेऊन जर्मनीतल्या मानहाइममधला तो कारखाना वाचवला. 1872 मध्ये त्यांचे लग्न झाले. पुढे पाच मुले झाली, ओढाताण मात्र चालूच राहिली.

1886 मध्ये पेटंट मिळूनही गाडीला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा ऑगस्ट 1888 मध्ये बेर्था यांनी पतीला न सांगता ऑयगेन आणि रिचर्ड या किशोरवयीन मुलांसह मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास त्या तीनचाकी गाडीतून केला. इंधन वाटेतल्या व्हीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून घेतले. तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. हा अनुभव ऐकूनच कार्ल यांनी चढासाठी आणखी एक गिअर बसवला, म्हणून या प्रवासाला मी नुसते धाडस न म्हणता वाहनाची पहिली खरी चाचणी म्हणेन.

1906 मध्ये कार्ल यांनी ऑयगेनसोबत ‘बेंझ अँड सन्स’ ही वेगळी कंपनी काढली. ते 1929 मध्ये लाडेनबुर्गला वारले. बेर्था 1944 पर्यंत, पंचाण्णव वर्षे जगल्या.