ट्रॉन्डहाइम व्हॉइसेस : ठरलेले किती आणि सुचलेले किती?

आपले प्रश्न थोडक्यात असे आहेत. ट्रॉन्डहाइम व्हॉइसेस या नॉर्वेजियन गायिकांच्या समूहाचे ध्वनिमुद्रण ऐकताना त्या लिहिलेले गात आहेत की त्या क्षणी सुचेल ते, हे कळत नाही. त्यात जॅझ म्हणून ओळखता येईल असे काही सापडत नाही. आणि आपल्याकडच्या आलापीशी त्याचे नाते जोडावे का, अशी आपल्याला शंका आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत छोटे असल्यामुळे सुरुवात तेथूनच करते.

नाते जोडू नये. ख्यालात उपज, म्हणजे गाता गाता सुचणारा विस्तार, एका गायकाची असते, साथीदार तिला धरून चालतात आणि रागाची चौकट सर्वांना आधीपासून ठाऊक असते. येथे अनेक जणी एकाच वेळी उपज करतात, मुख्य आवाज कोणता आणि साथ कोणती हे सतत बदलत राहते, आणि स्वरांची चौकट गाता गाताच उभी राहते किंवा मोडली जाते. आलापी समजून ऐकायला बसलात, तर षड्ज शोधण्यातच अर्धा वेळ जाईल.

आता जॅझविषयी. हा समूह 2001 मध्ये मध्य नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम या शहरात सुरू झाला आणि त्याची पाळेमुळे तेथील संगीत महाविद्यालयात 1979 मध्ये सुरू झालेल्या जॅझ अभ्यासक्रमात आहेत. हा अभ्यासक्रम पुढे शहरातील विद्यापीठाचा भाग झाला. ध्वनिमुद्रणे कानाने उतरवून घेणे आणि पहिल्यापासून वाद्यवृंदात बसून शिकणे, ही तेथील शिक्षणाची रीत. त्यामुळे तेथे घडलेल्या गायिका शब्द सांगणाऱ्या मुख्य कलाकार म्हणून नव्हे, तर सॅक्सोफोन किंवा बासवादकाच्या बरोबरीच्या वादक म्हणून विचार करतात. समूहाची कलात्मक धुरा दीर्घकाळ सांभाळणाऱ्या सिसेल वेरा पेटरसेन या स्वतः सॅक्सोफोनही वाजवतात, हे मला बोलके वाटते. आपण ज्या खुणा शोधत होता, म्हणजे झुलती लय, ओळखीची सुरावट आणि तिच्यावरची एकलवादनाची आवर्तने, त्या येथे जवळजवळ नाहीतच. जॅझमधून येथे आली आहे ती वृत्ती: दुसऱ्याने आत्ता काय केले ते ऐकून पुढच्या क्षणी स्वतःचे काय करायचे, हे ठरवण्याची सवय.

वृंदगायनाची बाजू समजून घ्यायची असेल तर क्नुट न्यूस्टेट (1915–2014) या नॉर्वेजियन संगीतकाराची ‘इम्मॉर्टल बाख’ ही 1988 मधील रचना आधी ऐकावी, असा माझा आग्रह आहे. जर्मन संगीतकार बाखच्या ‘कोम, झ्युसर टोड’ या गीताच्या मोजक्या ओळी गायकवृंद प्रथम सरळ गातो. मग वृंद गटांत विभागला जातो आणि तेच स्वर प्रत्येक गट वेगवेगळ्या कालावधीत गातो. कोणी चार सेकंदांनी पुढच्या स्वरावर जातो, कोणी सहा, कोणी आठ किंवा दहा. पुढे गेलेला गट मागे राहिलेल्यांसाठी ओळीच्या शेवटच्या स्वरावर थांबतो. परिणामी ओळखीचे स्वरमेळ एकमेकांत मिसळून धूसर होतात आणि प्रत्येक ओळीच्या अखेरीस पुन्हा स्वच्छ होतात. हे ऐकल्यावर ट्रॉन्डहाइम व्हॉइसेसचे ते दाट, हळूहळू सरकणारे स्वरपुंज परके वाटत नाहीत. फरक एवढाच, आणि तोच महत्त्वाचा, की न्यूस्टेट यांच्याकडे कोण कधी सरकणार हे कागदावर ठरलेले आहे, तर येथे तो निर्णय प्रत्येक गायिकेच्या कानावर सोपवलेला असतो आणि समोर खूण करणारा कोणीही संचालक नसतो.

त्या निर्णयाला आणखी एक पदर आहे आणि माझ्या मते या समूहाचे वेगळेपण बरेचसे त्यातच आहे. विद्युत उपकरणांनी आवाज बदलणारे गायक जगभर आहेत. परंतु बहुधा त्यांच्यासमोर उपकरणांनी आणि तारांनी भरलेले टेबल असते आणि गायक तेथेच अडकून राहतो, किंवा मग सगळी सूत्रे ध्वनितंत्रज्ञाच्या हाती असतात. ट्रॉन्डहाइम व्हॉइसेससाठी ध्वनिरचनाकार आस्ले कार्स्टाड यांच्या पुढाकाराने अंगावर वागवता येईल असे एक छोटे बिनतारी यंत्र तयार झाले. त्याचे नाव मॅकाट्रॉल. प्रत्येक गायिकेचे यंत्र तिचे स्वतःचे. आपला आवाज घुमवायचा की कोरडा ठेवायचा, त्याचा एखादा तुकडा पकडून फिरत ठेवायचा का, हे ती गाता गाता ठरवते आणि चालता चालता बोटांनी घडवते. म्हणून त्या सभागृहात पसरू शकतात, श्रोत्यांच्या मागे जाऊ शकतात.

या सोयीला जोखीमही आहे. प्रत्येकीने आपला आवाज लांबवला आणि फिरता ठेवला, तर काही क्षणांतच सगळ्याचा चिखल होतो. त्यामुळे कोणी गप्प राहायचे, कोणी आपला फिरता तुकडा बंद करायचा, हेही गाण्याइतकेच मोठे सांगीतिक काम ठरते. खरे सांगायचे तर प्रत्येक वेळी ते साधते असे मला वाटत नाही. काही ठिकाणी घुमारा इतका दाट होतो की माणसांचा श्वास हरवतो आणि एखादे सिंथेसायझर ऐकत असल्याचा भास होतो.

राहिला आपला पहिला प्रश्न. त्याचे एकच एक उत्तर नाही, कारण प्रमाण दर प्रकल्पाला बदलते. 2010 च्या ‘इम्प्रोव्हॉयसिंग’ या संग्रहाचे नावच त्याचा हेतू सांगते. याउलट ‘फोकलोर’ (2020) हे काम सुपरसायलेंट या नॉर्वेजियन संगीतगटातील स्टोले स्टूर्लोकेन आणि हेल्गे स्टेन यांनी या समूहासाठी रचलेले आहे. कोणत्याही खऱ्या गावात सापडणार नाही अशी एक काल्पनिक लोकपरंपरा त्यांनी उभी केली आहे. तेथे आराखडा रचनाकारांचा आहे, पण आवाजाचा पोत गायिकांच्या हातात राहतो. ओळखण्याची एक कामचलाऊ खूण सांगते: अनेक आवाज एकाच क्षणी, एकाच उच्चारात सुरू झाले किंवा थांबले, तर ते बहुतेक ठरवलेले असते; एकीने घेतलेला स्वर किंवा नुसता उच्छ्वास दुसरीकडे किंचित उशिरा आणि किंचित बदलून उमटला, तर ते बहुतेक सुचलेले असते.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर न्यूस्टेट यांच्या रचनेनंतर ‘रूम्स अँड रिच्युअल्स’ (2018) घ्यावे आणि ‘फोकलोर’ त्यानंतर. शक्य असल्यास हेडफोन लावा आणि पहिल्या वेळी संपूर्ण समूह न ऐकता कोणताही एकच आवाज धरून शेवटपर्यंत त्याच्या मागे जा. तो कधी पुढे येतो, कधी इतरांत विरतो आणि कोणामुळे बदलतो, हे कळू लागले की दुसऱ्या वेळी दुसरा आवाज धरावा. भ्रमणध्वनीच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. खालचे स्वर आणि श्वासांचे आवाज त्यात पोहोचतच नाहीत.