आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद

प्रश्न : वाड्याची आवराआवर करताना आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचं एक गाठोडं सापडलंय, घरात कुणालाच वाचता येत नाही, काही फाटलेत, चिकटपट्टी लावू का? की देऊन टाकू कुठे? – एक वाचक, वाई

उत्तर : चिकटपट्टी अजिबात नको हो! तिचा गोंद कागदात उतरतो, डाग पडतो आणि तो जात नाही. लॅमिनेशन पण नको. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, दफ्तरखान्यात, म्हणजे जुनी कागदपत्रं जपतात तिथे, अशा गाठोड्याला रुमालच म्हणतात. आणि प्लीज, कागदांचा क्रम मोडू नका, कुठला कागद कुठल्यासोबत बांधलाय त्यावरून पण खूप कळतं. तारखेच्या जागी ‘सलास’, ‘अर्बा’ असं काही निघालं तर ते शुहूर सनाचे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या एका कालगणनेचे, अरबी शब्दांतले आकडे, तीन आणि चार. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली इतिहास संशोधक वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळ्यांनी काढलेलं, तिथे अशीच घराघरातली दफ्तरं, म्हणजे जुने कागद, जपलीत, राजवाडे तर त्यासाठी गावोगाव फिरले. आधी फोनवर फोटो काढा, मग तिथे दाखवा, द्यायचं की नाही ते नंतर ठरवा. किराणाची यादी असली तरी फेकू नका, त्या काळचे भाव तिच्यातच सापडतात.