एआय आवाज आल्यावर वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलीने मराठी डबिंगमध्ये यावं का?

विचारणारी यवतमाळची आहे, बावीस वर्षांची, कॉलेजात नाटकं केलेली. घरचे म्हणतात आता आवाज कॉम्प्युटरच काढतो, कशाला जातेस. आणि कुणीतरी सल्ला दिलाय की जायचंच असेल तर आधी "शुद्ध" मराठीचा क्लास लाव.

मी दर्यापूरची. अंधेरीत डबिंग करते त्याला अठरा वर्षं झाली. तो "शुद्ध" शब्द वाचला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. आणि अहो-जाहो सोडते, तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

२००९ ची गोष्ट. एका तमिळ सिनेमाचं मराठी डबिंग चालू होतं. तोवर मी फक्त क्राउड करायचे, म्हणजे बाजारातल्या, लग्नातल्या, मयतीतल्या मागच्या बायका. त्या दिवशी आईचा आवाज करणाऱ्या बाई आल्या नाहीत आणि आमचे डबिंग दिग्दर्शक, सर, म्हणाले, तू उभी राहा. मुलाच्या प्रेतापाशी बसलेली आई. लूप, म्हणजे एका वेळी डब करायचा तुकडा, छोटाच होता. पायलट, म्हणजे मूळ आवाज, दोनदा ऐकला, ओठ बघून घेतले. कागदावर होतं, "माझ्या लेकरा, डोळे उघड." माझ्या तोंडून आलं, "माह्या लेकरा, डोये उघड."

सिंक, म्हणजे ओठांशी मेळ, बसला होता. पहिल्याच टेकला. सरांनी आत बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलं.

"थांब थांब. लोक हसतील."

मी म्हटलं, सर, माझा मामा गेला तेव्हा आजी असंच रडली होती, दर्यापुरात कुणी हसलं नाही.

"दर्यापुरात थिएटरं किती आहेत?"

यावर काय बोलणार? रेकॉर्डिस्ट खानदेशातला होता, तो काचेपलीकडून काहीच बोलला नाही. पोट त्यालाही होतं. दुपारी दादरच्या एक बाई आल्या, त्यांनी "माझ्या लेकरा" म्हटलं. चांगलं म्हटलं, उगीच नावं ठेवत नाही. संध्याकाळी मला त्याच प्रसंगाच्या क्राउडमध्ये उभं केलं, मागे रडणाऱ्या बायकांत. तिथे शब्द कुणाला ऐकू येत नाहीत, नुसता गलबला लागतो. मी पूर्ण वऱ्हाडीत रडून घेतलं. टीव्हीवर तो सिनेमा लागतो तेव्हा मी अजून आवाज वाढवून ऐकते. आहे त्यात.

सरांचं म्हणणं असं होतं की वऱ्हाडी माणूस रडला तरी प्रेक्षकाला विनोद वाटतो. मी म्हणायचे, वाटतो कारण तुम्ही आमच्याकडून दुसरं काही करूनच घेतलं नाही. नोकर, दारुडा, गावाहून आलेला बावळट पाव्हणा, एवढ्यासाठी फोन यायचा. मालवणीला मच्छिंद्र कांबळी भेटले, तिचा मुंबईत दबदबा झाला, पण तोही हसवूनच. २०१६ मध्ये सैराट चालला तेव्हा वाटलं आता बदलेल. बदललं एवढंच की मला फोन यायला लागले, "सैराटसारखं बोलता येतं का?" अरे बाप्पा, ती करमाळ्याकडची बोली, मी अमरावती जिल्ह्यातली. मुंबईला पुण्याच्या पलीकडचं सगळं एकच गाव वाटतं.

आता एआयकडे येते, तुझा प्रश्न तोच आहे.

२०२४ मध्ये एका कंपनीनं बोलावलं. त्यांना मशीनला शिकवायला वऱ्हाडी आवाजाचे नमुने हवे होते. सरकारच्या भाषिणी या भाषा-तंत्रज्ञान प्रकल्पात लोक भाषादान म्हणून आवाज फुकट देतात. इथे पैसे होते, बऱ्यापैकी होते, आणि मुलाची फी भरायची होती. चार दिवस बसून मी दोन हजारांवर वाक्यं वाचली. वऱ्हाडीत वाचायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, तीही माणसासमोर नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता त्या मुलाच्या स्क्रीनवर नजर गेली. प्रत्येक वाक्यापुढे एक रकाना होता, शैली. माझ्या सगळ्या वाक्यांपुढे एकच शेरा: "ग्रामीण-विनोदी".

त्यात एक वाक्य होतं, "कपाशीवर बोंडअयी आली, आता कर्ज कायनं फेडू?" त्याच्यापुढेही विनोदी.

मुलगा इंदूरचा होता, सभ्य. म्हणाला, मॅडम, लेबलं आधीच्या टीमनं लावली आहेत, टीव्हीवरच्या क्लिप ऐकून. मी म्हटलं, आधीचं काही तयार असेल तर ऐकव. त्यानं तेच वाक्य मशीनकडून म्हणवून घेतलं. आवाज साफ, "बोंडअयी" अगदी बरोबर, आणि "फेडू"वर अशी एक लाडीक उडी की जणू आता मागून हशा येणार. सरांचं २००९ चं मत एक्सेल शीटमध्ये जाऊन बसलं होतं. सरांना निदान उलट बोलता यायचं.

मी अर्धा तास भांडले. "विनोदी" निघालं, "ग्रामीण" राहिलं. अमरावती शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेतच साडेसहा लाखांच्या आसपास होती, हेही सांगून पाहिलं. तो म्हणाला, रकान्यात "शहरी" निवडलं तर सिस्टिम पुणे-मुंबई धरते.

आणि या मशीनांचं प्रमाण मराठी काय दर्जाचं आहे तेही ऐक. आपल्या लिपीत दंत्य (दातांशी होणारे) आणि तालव्य (टाळूशी होणारे) च-ज वेगळे लिहीत नाहीत. "जरा थांब"मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा कागदावर सारखीच दिसते. चार माणसं आणि गाईचा चारा, यांतले च वेगळे आहेत हे तुला-मला शाळेत कुणी शिकवावं लागलं नाही, मशीनला लागतं. मी ऐकलेल्या एका एआय डबिंगमध्ये तर ळ च गायब होता. हिंदीच्या वळणानं शिकलेलं असणार, सरळ "डोला" म्हणत होतं. ते पास झालं, निर्मात्यानं पैसे दिले. माझा डोया चालला नाही, मशीनचा डोला चालतो! तेव्हा शुद्ध मराठीच्या क्लासचं मला सांगू नकोस.

कामाचं विचारशील तर घरचे पूर्ण चुकीचे नाहीत. माझ्या ओळखीत पहिल्यांदा गेलं ते फोनवरच्या सूचनांचं आणि ई-लर्निंगचं काम. आता क्राउड चाललंय, कारण एका कलाकारानं अभिनय करायचा आणि त्याचाच आवाज बदलून दहा माणसं करायची, हे जमायला लागलंय. मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच. माझ्यासारख्या, ज्यांचं दादर-पार्ल्यात कुणी नाही, त्या क्राउडच्या दारानंच आत आल्या. कोपऱ्यात उभं राहून मोठ्यांचं काम बघायचं, आणि एखाद्या दिवशी कुणी आलं नाही की, तू उभी राहा. तू आलीस तर कुठल्या कोपऱ्यात उभी राहशील, मला सांगता येत नाही. तरी मुख्य भूमिका, भांडण, रडणं, लहान मुलं, याला अजून माणूस बोलावतात.

आलीस तर कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या तंत्रज्ञानासह" असं कलम असतं. मी त्यावर सही केली आहे. म्हणून उद्या माझ्या आवाजात कोण काय विकेल यावर माझा ताबा नाही. एआय प्रशिक्षणाचं मानधन वेगळं माग, वापर कुठे आणि किती वर्षं ते लिहून घे. हॉलिवूडच्या नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप करून डिजिटल नकलेसाठी संमती आणि मोबदला करारात आणला. व्हिडिओ गेमला आवाज देणाऱ्यांना २०२४ मध्ये वेगळा संप करावा लागला. आपण मराठी डबिंगवाले संप करणार म्हणजे टपरीवर सातजण जमणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क आहेत, २०१२ मध्ये ते वाढवलेही, पण तेव्हा हे प्रकरण कुणाच्या डोक्यात नव्हतं. अरिजित सिंगला मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये आवाजाच्या नकलेविरुद्ध संरक्षण दिलं, चांगलंच झालं. तो अरिजित सिंग आहे, मी मयतीतली तिसरी बाई. रहमाननं त्याच वर्षी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं पुन्हा आणले, तेव्हा त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन मानधन दिलं होतं. असं विचारणारे किती भेटतील, तूच बघ.

हे सगळं मराठी डबिंगपुरतं. हिंदीत काम जास्त आहे, पण तिथे बोलीचं दुखणं वेगळं. प्रमाण मराठी यायला हवीच, कागद त्याच भाषेत येतो. पण ती ऐकून ऐकून येते. माझा ळ आता असा आहे की दादरवाले फसतात. आणि सरांना मी वाईट म्हणत नाहीये. मुंबईत मला पहिला चेक त्यांच्याच स्टुडिओत मिळाला, बाळंतपणानंतर परत कामावरही त्यांनीच घेतलं.

दिवाळीत त्यांचा फोन आला होता. त्यांच्याकडे एआयनं डब केलेली एक मालिका आली आहे, उच्चार तपासायला कान हवाय. "सगळे ळ पडलेत गं," म्हणाले, "तुझ्याइतका ळ कुणी घासून घेतलेला नाही, तूच बस." मी म्हटलं, बसते, पण भागाचे नाही, तासाचे पैसे घेईन, आणि त्यात कुणी वऱ्हाडी बोलत असेल तर त्याला हात लावणार नाही. बघून सांगतो म्हणाले. अजून फोन आलेला नाही.